गुडघ्याच्या मापाची फळी

लाटांवर स्वार होण्याची फळी घडवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत 'शेपर' म्हणतात. मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. सुतार म्हणावे तर ही फळी आता बहुधा लाकडाची नसते; शिल्पकार म्हणावे तर तिच्या उपयोगाकडे दुर्लक्ष होते. 'घडवणारा' हा त्यातल्या त्यात जवळचा शब्द. या घडवणाऱ्याच्या इतिहासातील एक लहानशी शाखा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती शाखा म्हणजे नीबोर्ड, अर्थात गुडघे टेकून स्वार होण्याची फळी. तिचा स्वार उभा राहत नाही. पाय मुडपून, गुडघे आणि नडग्या फळीवर टेकून तो लाटेच्या पोटात शिरतो. साहजिकच ही फळी उभ्याने चालवायच्या फळीहून आखूड आणि रुंद असते. अशी फळी हवी असलेल्या माणसाला ती सहसा दुकानात मिळत नाही. तिचा घडवणारा त्याला शोधत जावे लागते. असे का व्हावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु आज जी आखूड फळी जगभर 'सर्फबोर्ड' म्हणून ओळखली जाते, तिचा जन्म बव्हंशी याच उपेक्षित शाखेतून झाला, हे लक्षात घेतले की प्रश्नाचे स्वरूप बदलते.

प्रारंभी सगळ्याच फळ्या मापाने घडत. हवाई बेटांवर लाटांवरची स्वारी हा राजापासून प्रजेपर्यंत सर्वांचा खेळ होता. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने 1779 साली त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. लांबलचक 'ओलो', पातळ 'अलाया' आणि पोटावर किंवा गुडघ्यांवर वापरायची आखूड 'पायपो' असे फळ्यांचे भेद तेथे होते. झाड निवडण्यापासून फळी पाण्यात उतरवण्यापर्यंतच्या कामाला धार्मिक विधींची जोड असे. एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. या परंपरेत उभे राहणे हे श्रेष्ठ आणि गुडघे टेकणे हे कनिष्ठ, अशी उतरंड आजच्याइतकी घट्ट झालेली दिसत नाही. ती पुढे बाजाराने आणि स्पर्धांनी घट्ट केली.

विसाव्या शतकात हा खेळ कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात रुजला. जड लाकडाच्या जागी हलके बाल्सा लाकूड आले आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन फोम आला. होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क ही त्या बदलाशी जोडलेली दोन नावे. फोमचा तयार ठोकळा घ्यायचा, रंध्याने आणि किसणीने त्याला आकार द्यायचा, मग त्यावर फायबरग्लासचे कापड राळेने चिकटवायचे, अशी रीत बसली. शेपर हा स्वतंत्र व्यवसाय खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो. त्याच वेळी फळी दुकानातल्या कप्प्यावरही आली. साधारण नऊ-दहा फूट लांबीची जड फळी प्रमाण ठरली आणि तिच्यावर जे करता येते तेच उत्तम सर्फिंग मानले जाऊ लागले.

ही मान्यता मोडणारा माणूस गुडघ्यांवर बसणारा होता. जॉर्ज ग्रीनो हा 1941 साली जन्मलेला, कॅलिफोर्नियातील सांता बार्बराचा. त्याला जे हवे होते ते प्रमाण फळीवर शक्य नव्हते. लाट जेथे वळून नळीसारखी पोकळ होते तेथे, पाण्याच्या अगदी जवळ राहून, वेगाने वळता यावे अशी त्याची इच्छा होती. गुडघ्यांवर बसले की शरीराचा भार खाली येतो, तोल सावरणे सोपे होते आणि उभ्या माणसाला जिथे डोके टेकवायला जागा नाही तिथे शिरता येते. पण अशा फळीचा नमुनाच नव्हता. तेव्हा तो स्वतःच आपला शेपर झाला. त्याने 1960च्या दशकाच्या मध्यास घडवलेली 'व्हेलो' ही फळी सुमारे पाच फुटांची होती आणि मधोमध चमच्यासारखी खोलगट होती. कडांना तरंगण्यापुरता फोम, आणि मधला व मागचा भाग जवळजवळ नुसत्या फायबरग्लासचा. त्यामुळे वळणावर फळी वाकत असे आणि वळण संपताच उसळून सरळ होत असे. ताठ फळीत वाया जाणारे बळ तिच्यात वेग होऊन परत येई. तळाशी बसवलेला पर त्याने वेगवान माशाच्या पंखाच्या धर्तीवर, अरुंद, मागे झुकलेला आणि लवचीक केला. ही फळी नीट तरंगतही नसे, म्हणून पायांत पोहण्याचे रबरी पर घालून लाट गाठावी लागे. दुकानदाराच्या दृष्टीने ती निरुपयोगी वस्तू होती. तिच्या मापाच्या स्वाराच्या हाती मात्र ती अजोड होती.

ग्रीनो ऑस्ट्रेलियात गेला आणि तेथील बॉब मॅकटॅव्हिश व नॅट यंग या उभ्याने फळी चालवणाऱ्या तरुणांनी त्याला लाटेवर पाहिले. तो बसून जे करतो ते आपल्याला उभ्याने का करता येऊ नये, हा प्रश्न त्यांना पडला. नॅट यंगने 1966 साली सॅन डिएगो येथे जागतिक अजिंक्यपद मिळवले ते ग्रीनोच्या धर्तीचा पर लावलेल्या, त्या काळाच्या मानाने पातळ फळीवर. पुढच्याच वर्षी मॅकटॅव्हिशने तळाला उतार दिलेल्या आखूड फळ्या घडवल्या. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत नऊ फुटांची प्रमाण फळी सात फुटांच्या आतबाहेर आली. इतिहासकार याला 'शॉर्टबोर्ड क्रांती' म्हणतात. तिच्या उगमाशी गुडघे टेकलेला एक माणूस होता, हे मात्र ओझरते सांगितले जाते.

हा एकच योगायोग असता तर त्यावर इतिहास रचणे धाडसाचे ठरले असते. पण तो पुन्हा घडला. सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिस याने 1967च्या सुमारास नीबोर्ड म्हणूनच एक आखूड, रुंद, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली आणि दोन पर असलेली फळी घडवली. ती 'फिश' या नावाने प्रसिद्ध झाली. काहींनी तिच्यावर उभे राहून पाहिले आणि 1972च्या जागतिक स्पर्धेपर्यंत ती उभ्या स्वारांच्या हाती पोचली. पुढे 1976 साली हवाईच्या रेनो अबेलिराची अशाच वळणाची आखूड फळी ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सच्या नजरेस पडली. तिच्यावरून त्याने आपली दोन परांची फळी घडवली आणि 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद राखले. रिचर्ड्स स्वतः शेपर होता, ही गोष्ट येथे दुर्लक्षून चालणार नाही.

या साऱ्या उदाहरणांत एक समान धागा दिसतो. नवा आकार सुचला तो वापरणारा आणि घडवणारा एकच होते तेव्हा, किंवा दोघे समोरासमोर उभे होते तेव्हा. प्रमाण फळी विकणाऱ्याला स्वाराच्या अडचणी कळण्याचे कारण नसते. नीबोर्डच्या बाबतीत तर माप हीच मुख्य गोष्ट आहे. गुडघ्यापासून पायाच्या बोटापर्यंतची लांबी, दोन गुडघ्यांमधले अंतर, मांड्यांची जाडी, वजन, घोट्यांचा लवचीकपणा, आणि माणूस ज्या किनाऱ्यावर जातो तेथील लाट सावकाश फुटते की एकदम, यांवर फळीची रुंदी, जाडी आणि परांची जागा ठरते. बोटभर फरकाने वळणावर गुडघा कडेवरून घसरतो. हे सारे कागदावर लिहून पाठवता येते. तरी अनुभवी शेपर विचारतो, 'आधीची फळी कुठे अडत होती?' या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येत नाही.

समुद्र न पाहिलेल्या वाचकालाही हा प्रश्न परका वाटू नये. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे उदाहरण घेऊ. पांढरकवडा हे त्याचे मुख्य ठिकाण; सर्वांत जवळचा समुद्रदेखील येथून शेकडो किलोमीटर दूर. ही काळ्या जमिनीची आणि कपाशीची भूमी. येथला सुतार, वऱ्हाडी बोलीत वाढई, हा पेरणीपूर्वी तिफण, वखर, डवरा दुरुस्त करून देणारा माणूस. डवऱ्याची रुंदी पिकाच्या ओळींमधल्या अंतराला जुळावी लागते, जू बैलजोडीच्या उंचीला आणि खांद्याला जुळावे लागते; नाही जुळले तर बैलाच्या खांद्याला फोड येतात. म्हणून वाढयाला शेत ठाऊक असे, बैल ठाऊक असत आणि धन्याचा हातही ठाऊक असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915च्या 'गावगाडा'त ज्या बलुतेदारीचे वर्णन केले, तिच्यात जातीची बेडी आणि कष्टाचे अपुरे मोल होते. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु वस्तू पुन्हा पुन्हा त्याच घडवणाऱ्याकडे परत येण्याची सोय तिच्यात होती, आणि ज्ञान साचत असे ते या परतण्यातून.

मिरजेत हेच अधिक सूक्ष्म रूपात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले आणि त्यांच्या घराण्यांनी सतार-तंबोऱ्यांचा लौकिक उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा, स्त्रीच्या आवाजाचा लहान. पण खरे माप जवारीत असते. घोडीचा पृष्ठभाग कारागीर किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. समोर गायक बसलेला असेल तर त्याच्या मानेच्या हालचालीवरून कारागिराला थांबायचे कुठे ते कळते. शेपरचा हात फळीच्या कडेवरून फिरतो तेव्हा याहून वेगळे काही घडत नाही.

मग नीबोर्डच्या स्वाराला घडवणारा शोधत का फिरावे लागते? एक कारण संख्येचे आहे. स्पर्धा, मासिके आणि पुरस्कर्ते उभ्या स्वाराच्या मागे गेले. टोकियोच्या स्पर्धांत, 2021 साली, सर्फिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले तेही उभ्याने चालवायच्या आखूड फळीपुरतेच. दुसरे कारण साधनांचे आहे. अमेरिकेतील बहुसंख्य शेपरांना फोमचे ठोकळे पुरवणारा क्लार्क यांचा कारखाना 5 डिसेंबर 2005 रोजी एकाएकी बंद झाला, तेव्हा हा सारा हस्तव्यवसाय एका पुरवठादारावर किती विसंबून होता ते उघड झाले. त्यानंतर पर्यायी ठोकळे आले. संगणकावर आखलेला आकार कापणारी यंत्रेही रुळली. यंत्र वाईट नव्हे. जुनी चांगली फळी ते हुबेहूब पुन्हा कापून देते. पण 'कुठे अडत होती?' असे ते विचारत नाही, आणि जो आकार त्याच्या साठ्यात नाही तो त्याला सुचत नाही. गुडघ्यांवरचे स्वार थोडे, म्हणून त्यांचे शेपर थोडे. त्यांतले बरेच स्वतः नीबोर्डचे स्वार. एक शेपर निवृत्त झाला की त्याच्यासोबत काही माणसांची मापे आणि वीस-तीस वर्षांचे संभाषण संपते.

साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसेल. प्रमुख म्हणवणारे प्रकार कडेच्या प्रकारांकडून सतत काही घेत असतात. घेतल्याची नोंद मात्र घेणाऱ्याच्या नावावर होते. ओवी, लावणी, कीर्तन यांच्याकडून आधुनिक कवितेने आणि नाटकाने काय घेतले याचा हिशेब आपणही उशिरा मांडू लागलो. कडेच्या प्रकाराचे ऋण तळटीपेत मान्य करणे सोपे असते. तो प्रकार जिवंत ठेवणाऱ्या माणसाला काम मिळत राहील, हे पाहणे अवघड असते. फिश आज दुकानादुकानांत उभी असते, उभ्या स्वारांसाठी. जिच्यासाठी ती प्रथम घडली त्या बैठकीचा स्वार मात्र अजून आपल्या गुडघ्यांची मापे घेऊन कोणाच्या तरी कार्यशाळेचे दार वाजवत आहे. आत फोमची पांढरी भुकटी पडलेली असेल, हातात रंधा असलेला कोणी मान वर करील आणि पहिला प्रश्न विचारील, एवढीच त्याची अपेक्षा असते.