पीपीएमआय : सहा रुग्णांपासून खुल्या भांडारापर्यंत

1817 साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी कंपवातावरचा निबंध लिहिला, तो अवघ्या सहा रुग्णांच्या बळावर. त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले. या आजाराचा तो पहिला डेटासेट म्हणायला हरकत नाही. पुढे औषधं आली, पण आजार किती पुढे सरकला हे मोजायला भरवशाचं माप काही आलं नाही. त्यामुळे एखादं नवं औषध आजार थोपवतं की नुसती लक्षणं झाकतं, हेही नीट ठरवता येईना.

हे माप शोधायचा विडा मायकेल जे. फॉक्स फाउंडेशननं उचलला. अभिनेते फॉक्स यांना 1991 मध्ये, वयाच्या 29व्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं. 1998 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि 2000 मध्ये संस्था काढली. 2010 मध्ये या संस्थेनं ‘पार्किन्सन्स प्रोग्रेशन मार्कर्स इनिशिएटिव्ह’ म्हणजेच पीपीएमआय हा अभ्यास सुरू केला. प्रमुख संशोधक होते डॉ. केनेथ मॅरेक. नुकतंच निदान झालेले, औषध अजून सुरू न केलेले 400 रुग्ण आणि सुमारे 200 निरोगी माणसं हवी होती.

या माणसांकडे मागणं थोडंथोडकं नव्हतं. वर्षानुवर्षं तपासणीला यायचं, मेंदूचे स्कॅन करून घ्यायचे, रक्त द्यायचं, मणक्यातलं पाणी काढू द्यायचं. शिवाय 40 वासांची चाचणी : कागदावरची पट्टी खरवडायची, हुंगायची आणि चार पर्यायांतून वास ओळखायचा. ज्यांना स्वतःला यातून काहीच मिळणार नव्हतं, अशी निरोगी माणसंही यासाठी पुढे आली.

हे सारं संस्थेनं कुलुपात ठेवलं नाही. अर्ज करावा, वापराच्या अटी मान्य कराव्यात. पात्र संशोधकाला डेटा विनामूल्य मिळतो. 2020 मध्ये अनेक देशांतल्या सुमारे 50 केंद्रांमधून 4,000 जणांपर्यंत पोहोचायचं उद्दिष्ट ठरलं.

एप्रिल 2023 मध्ये मोठं फळ हाती आलं. अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचं बिघडलेलं रूप मणक्यातल्या पाण्यात शोधणारी चाचणी 1,123 जणांच्या नमुन्यांवर तपासली गेली. सुमारे 88 टक्के रुग्णांमध्ये ती होकारार्थी आली, तर सुमारे 96 टक्के निरोगी माणसांमध्ये नकारार्थी. आजाराला ठाऊक जनुकीय कारण नव्हतं पण वास ओळखणं खालावलं होतं, अशा रुग्णांत तर होकाराचं प्रमाण जवळजवळ 99 टक्के होतं. हुंगण्याची ती साधी चाचणी अशी कामी आली.

अशा डेटावरून संगणकी मॉडेलला आजार ओळखायला शिकवायचं, हा विषय घेऊन माझ्याकडे कुणी विद्यार्थी आला, की मी आधी संशोधक मॅक्स लिटल यांचा आवाजाचा छोटा, खुला डेटासेट पुढे ठेवतो. त्यात 195 ध्वनिमुद्रणं आहेत, पण माणसं फक्त 31, आणि त्यांतली 23 आजारी. एकाच माणसाचा आवाज प्रशिक्षणातही आणि परीक्षेतही आला, की मॉडेल आजार ओळखायच्या ऐवजी माणूस ओळखू लागतं. अचूकतेचा आकडा फुगतो आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून विभागणी माणसांची करायची, ओळींची नाही. शिवाय 195 पैकी 147 मुद्रणं रुग्णांची आहेत; डोळे मिटून सगळ्यांना ‘आजारी’ म्हटलं तरी 75 टक्के उत्तरं बरोबर येतात. आपलं मॉडेल त्याच्या किती पुढे गेलं, हे पाहायचं.

मग पीपीएमआयकडे वळायचं. तिथे हालचालींचे गुण बघताना ते औषधाचा असर असताना घेतले की उतरल्यावर, हे आधी तपासायचं. दोन्ही मिसळले, तर आजार बरा होतोय असा भास होतो.

आणि रिकामे रकाने सरासरीनं भरून टाकायची घाई करायची नाही. पाचव्या वर्षी कुणाचा रकाना कोरा असेल, तर कदाचित त्या माणसाला केंद्रापर्यंत पोहोचणंच झेपलं नसेल. ती गैरहजेरीसुद्धा त्यानं दिलेली माहितीच आहे.