'पाठलाग' : कृष्णधवल गुन्हेपटाची एक मराठी साक्ष

चित्रपटाचा इतिहास बहुधा मोठ्या चित्रपटांच्या आधाराने लिहिला जातो. ज्यांवर अमाप पैसा खर्च झाला आणि ज्यांनी अमाप पैसा मिळवला, त्यांची नोंद आपोआप होते. याउलट थोड्या भांडवलावर, मोजक्या नटांच्या आणि दोनचार दालनांच्या साहाय्याने उभा राहिलेला गुन्हेपट करमणुकीचे काम आटोपून विस्मृतीत जातो. त्याची कथा मात्र पुष्कळदा त्याच्याहून दीर्घायुषी ठरते आणि दुसऱ्याच्या नावावर जगत राहते. राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) या मराठी चित्रपटाचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे.

या प्रकारच्या चित्रपटाचे घराणे मूळचे अमेरिकेतील. चौथ्या-पाचव्या दशकांत तेथील चित्रगृहांत एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा होती. पहिला नामांकित नटांचा, दुसरा जोडीला दिलेला. हे जोडचित्रपट पुरवणाऱ्या लहान कंपन्यांना हॉलिवूडमध्ये 'दारिद्र्याची आळी' या अर्थाच्या उपहासात्मक नावाने ओळखत. त्यांपैकी 'प्रोड्युसर्स रिलीजिंग कॉर्पोरेशन' या कंपनीने १९४५ मध्ये एडगर उल्मर याचा 'डिटूर' प्रदर्शित केला. लांबी अवघी अडुसष्ट मिनिटे. न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे मिळेल त्या मोटारीने निघालेला एक गरीब पियानोवादक. त्याला गाडीत घेणारा माणूस वाटेत अकस्मात मरण पावतो. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने हा त्या मृताचे नाव, कपडे आणि मोटार घेऊन पुढे जातो. नंतर भेटलेली एक स्त्री त्याचे बिंग ओळखते आणि त्याच्या गळ्याभोवतीचा फास आवळत जाते.

उल्मरजवळ शहर उभे करण्याइतका पैसा नव्हता. म्हणून न्यूयॉर्कचा रस्ता त्याने दाट धुक्यात बुडवला. मोटारीचा प्रवास पडद्यावर मागे सरकणाऱ्या दृश्यांच्या आधारे दाखवला. पण तेच धुके नायकाच्या मनाचे धुके होऊन बसले. फ्रेंच समीक्षकांनी १९४६ मध्ये अशा काही अमेरिकन चित्रपटांना 'काळा चित्रपट' या अर्थाचे नाव दिले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट हीच होती. सावली हे या चित्रपटांचे अलंकरण नव्हते. तिच्यातच त्यांचा आशय होता.

महाराष्ट्रात या प्रकाराला लागणारी वाचकवर्गाची भूमी आधीच तयार होती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या पुस्तिका वाचनालयांतून हातोहात जात. मराठी पडद्यावर मात्र संत, तमाशा आणि कौटुंबिक कथा यांचेच प्राबल्य होते. हिंदीत 'सी. आय. डी.' (१९५६) सारख्या चित्रपटांनी गुन्ह्याची कथा लोकप्रिय केली होती. त्याचे दिग्दर्शक राज खोसला आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती. मूर्तींचे छायालेखनाचे शिक्षण बंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र तंत्रसंस्थेत झाले होते. अंधाराची ही भाषा अशी दक्षिणेतल्या वर्गातून मुंबईच्या कलागृहात पोचली होती.

राजा परांजपे (१९१०-१९७९) हे काही रहस्यपटांचे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध नव्हते. 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' (दोन्ही १९५२), 'ऊन पाऊस' (१९५४), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) या चित्रपटांनी त्यांची ओळख घडवली होती. मध्यमवर्गीय घर, त्यातला विनोद आणि त्यामागचे कारुण्य हे त्यांचे क्षेत्र. 'पाठलाग'साठी त्यांनी जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कथा घेतली. नायकाच्या भूमिकेत डॉ. काशिनाथ घाणेकर, नायिकेच्या भूमिकेत भावना. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत दत्ता डावजेकरांचे. त्यातली आशा भोसले यांची गाणी मराठी श्रोत्यांच्या आजही स्मरणात आहेत.

कथेचा गाभा थोडक्यात असा. एका नामवंत वकिलाची पत्नी मरण पावते. तिच्या आठवणींत तो दिवस कंठत असता गुन्हेगारांच्या टोळीतील म्हणून एक स्त्री पकडली जाते. ती हुबेहूब त्याच्या पत्नीसारखी दिसते आणि 'मीच तुमची पत्नी' असे सांगते. पतीपत्नींखेरीज कोणाला ठाऊक नसाव्यात अशा खुणा ती न्यायालयात सांगू लागते. वकिलाचा व्यवसाय पुराव्यावर विश्वास ठेवण्याचा; पण येथे पुरावा मानला तर डोळ्यांदेखत झालेला मृत्यू खोटा ठरतो, आणि नाकारला तर जिवंत पत्नीला आपल्याच हाताने फासाकडे ढकलल्याचे पाप माथी येते.

येथे 'डिटूर' आणि 'पाठलाग' यांचे नाते दिसते. उसनवारीचा प्रश्न येथे नाही. दोन्ही कथा स्वतंत्र आहेत. परंतु दोन्हींचा पेच एकच. तेथे दुसऱ्याचे नाव धारण केलेल्या माणसाला आपले निरपराधित्व सिद्ध करता येत नाही. येथे स्वतःचेच नाव सांगणाऱ्या स्त्रीला ते आपले आहे हे पटवता येत नाही. थोड्या पैशांतल्या गुन्हेपटाला हा विषय मानवतो, याचे कारण उघड आहे. ओळखीच्या प्रश्नाला राजवाडे लागत नाहीत. एक चेहरा, त्याच्याकडे साशंकतेने पाहणारा दुसरा चेहरा आणि दोघांमधला उजेड एवढ्यावर तो उभा राहतो.

कृष्णधवल फिल्म ही त्या काळातील मराठी निर्मात्याची निवड कमी आणि परिस्थिती अधिक होती. रंगाचा मोह मराठी मंडळींना नव्हता असे नाही. 'प्रभात'ने १९३३ मध्येच 'सैरंध्री'साठी जर्मनीत रंगप्रक्रिया करून पाहिली होती आणि ती फसली होती. सातव्या दशकात कच्च्या फिल्मसाठी परदेशाकडे पाहावे लागे. उटीच्या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू व्हायला १९६७ उजाडले. मराठीचा प्रेक्षक एका प्रांतापुरता, तेव्हा रंगाचा खर्च भरून निघणार कसा?

'पाठलाग'च्या कथेला इतर भाषांतून लगोलग मागणी आली. १९६५ मध्ये ती 'इदय कमलम' या नावाने तमिळमध्ये अवतरली. १९६६ मध्ये राज खोसला यांनी तिच्यावरून 'मेरा साया' काढला. सुनील दत्त आणि साधना हे नामांकित नट, मदनमोहन यांचे संगीत आणि उदयपूरचे रंगीत वैभव. चित्रपट देशभर गाजला आणि तो गुणवान आहे यात वाद नाही. परंतु त्यामुळे मूळ चित्रपटाची स्थिती त्याच्याच नायिकेसारखी झाली. महाराष्ट्राबाहेर 'पाठलाग'चे नाव घेतले की 'मेरा साया'चा हवाला द्यावा लागतो. मूळ कृतीला आपली ओळख छायेच्या साक्षीने पटवावी लागते.

'डिटूर'चे नशीब पुढे फिरले. स्वामित्वहक्क संपल्याने त्याच्या खराब प्रती अनेक वर्षे फिरत राहिल्या. तरी १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला आणि २०१८ मध्ये त्याची प्रत नव्याने सिद्ध करण्यात आली. आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये, म्हणजे 'पाठलाग'च्याच वर्षी, स्थापन झाले. पी. के. नायर यांनी ते ध्यासाने वाढवले. तरीही जानेवारी २००३ मधील आगीत 'प्रभात'च्या वारशासह जुन्या ज्वालाग्राही फिती नष्ट झाल्या. ज्या मोठ्या चित्रपटांची नावे सर्वांच्या तोंडी आहेत त्यांची ही अवस्था, मग लहान चित्रपटांबद्दल काय बोलावे?

लहान गुन्हेपट जपायचा तो केवळ रंजनाच्या आठवणीसाठी नव्हे. कोणत्या वर्षी आपल्या समाजाला कसली भीती वाटत होती, घरातल्या माणसाविषयी तो किती सहज संशय घेई, स्त्रीच्या शब्दाला न्यायालयात किती मोल होते, हे असे चित्रपट नकळत सांगून जातात. मोठे चित्रपट पुष्कळदा समाजाला जसे दिसावेसे वाटते तसे दाखवतात. लहान चित्रपटांना तेवढा साज परवडत नाही. 'पाठलाग'मधील वकिलाला अखेर कळते की आपण ज्या साक्षीला खोटे म्हणत होतो ती आपल्याच घरची होती. मराठी चित्रपटाच्या इतिहासकाराने हे कळायला फार उशीर लावू नये. साक्षीदार अजून बोलू शकतो, तोवरच त्याची जबानी नोंदवून घेतलेली बरी.