बीजाणुजनक जिवाणू खते

बीजाणुजनक जिवाणू खते ही प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूंच्या रूपाने तग धरणाऱ्या, मुख्यतः बॅसिलस गटातील, उपयुक्त जिवाणूंपासून बनवलेली जैविक खते होत. जमिनीतील अविद्राव्य स्फुरद पिकास उपलब्ध करून देण्यासाठी ती प्रामुख्याने वापरली जातात.

बीजाणू

बॅसिलस सबटिलिस या जिवाणूच्या बीजाणूंचे व त्यांच्या उष्णतारोधकतेचे वर्णन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये केले. बुरशीचे बीजाणू प्रजननासाठी असतात; जिवाणूच्या एका पेशीत मात्र एकच बीजाणू तयार होतो. त्यामुळे तो संख्यावाढीचा नव्हे, तर टिकून राहण्याचा मार्ग ठरतो.

उत्पादन

पोषक माध्यमात पेशी झपाट्याने वाढतात, परंतु अन्न मुबलक असेपर्यंत बीजाणू फारसे बनत नाहीत. कर्ब किंवा नत्र संपू लागल्यावर बीजाणुनिर्मिती सुरू होते. म्हणून माध्यम ठरवताना आधी भरपूर वाढ आणि नंतर उपासमार, असा मेळ साधावा लागतो. ही प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी काढणी केल्यास उत्पादनात नाजूक पेशींचेच प्रमाण अधिक राहते.

भातशेतीतील उपयोग

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक आहे. पेरणी व लावणी पावसाच्या आगमनावर अवलंबून असल्याने हंगामापूर्वी आणलेल्या खतास एप्रिल-मेचा उष्मा सोसावा लागतो. अझोस्पिरिलमसारखे बीजाणू न बनवणारे जिवाणू अशा साठवणीत लवकर मरतात. पाकीट मात्र बाहेरून तसेच दिसते. बीजाणू अधिक काळ टिकत असले, तरी खत सावलीत, थंड जागी व रासायनिक खतांपासून दूर ठेवणे आवश्यक असते.

बीजप्रक्रियेसाठी १० किलो बियाण्यास साधारणपणे २५० ग्रॅम घन खत चोळतात. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी व जिवाणू खताची शेवटी करून बियाणे सावलीत सुकवले जाते. लावणीपूर्वी रोपांची मुळे खताच्या द्रावणात बुडवण्याचीही पद्धत आहे.

गुणवत्ता व मर्यादा

जैविक खते २००६ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली. स्फुरद विरघळवणाऱ्या घन खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी, तर द्रवरूप खतात प्रतिमिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. बीजाणू सुप्तावस्थेत असताना स्फुरद विरघळवत नाही. ओलावा व अन्न मिळून तो रुजल्यावरच हे कार्य सुरू होते. त्यामुळे सेंद्रिय द्रव्य कमी असलेल्या जमिनीत या खतांचा परिणाम मर्यादित राहतो. ती स्फुरदयुक्त खतांना पूरक आहेत, पूर्ण पर्याय नाहीत.