संगजिरे ते प्रयोगशाळा : सौंसर-पांढुर्णा परिसराच्या निमित्ताने

प्रस्तावना : सौंसर व पांढुर्णा हे तालुके 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्या वर्षी त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. संत्री आणि कापूस यांसाठी हा मराठीभाषक भाग परिचित आहे. भूविज्ञानाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. प्रस्तुत लेखात येथील स्तरित सिलिकेट खनिजे, त्यांची नावे व त्यांची कृत्रिम निर्मिती यांचा संक्षिप्त विचार केला आहे.

भूमीची साक्ष : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मर यांचा मँगनीजविषयक ग्रंथ 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य प्रांतातील एका खडकाला त्यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' हे नाव दिले. सौंसरच्या नावानेही एक प्राचीन शैलसमूह ओळखला जातो. त्यातील शिस्ट खडकात अभ्रक आढळते. पुस्तकाच्या पानांप्रमाणे त्याचे पापुद्रे सुटतात. या परिसरातील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे असेच पदरी खनिज असते. त्याच्या पदरांत पाणी शिरते, म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते.

शब्दांची साक्ष : याच कुळातील एक मऊ खनिज म्हणजे संगजिरे. हा शब्द फार्सी 'संगे-जराहत'चे मराठी रूप होय. 'संग' म्हणजे दगड, 'जराहत' म्हणजे जखम. त्याची पूड जखमेवर लावीत, म्हणून हे नाव पडले. युरोपीय भाषांतील 'टाल्क' हा शब्दही अरबी 'तल्क'वरून गेला आहे.

प्रयोगशाळेत : बंद पात्रात पाणी दाबाखाली तापवून स्फटिक घडविण्याच्या रीतीस जलतापीय संश्लेषण म्हणतात. 1845 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ शाफहॉइट्ल यांनी पॅपिनच्या भांड्यात, म्हणजे आजच्या प्रेशर कुकरच्या पूर्वजात, गारेचे सूक्ष्म स्फटिक मिळविले. पुढे बोवेन व टटल यांनी मॅग्नेशियम ऑक्साइड, सिलिका आणि पाणी यांच्यावर असेच प्रयोग केले. 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात संगजिरे निर्माण झाल्याची नोंद आहे. 1960 च्या दशकापासून अशा रीतीने बनविलेली 'लॅपोनाइट' ही कृत्रिम चिकणमाती रंग घट्ट करण्यासाठी वापरली जाऊ लागली.

निष्कर्ष : विज्ञान परक्या भाषेतूनच आले, अशी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत दृढ होत आहे. अभ्रक संस्कृतातून, संगजिरे फार्सीतून आले आणि दोन्ही मराठीत स्थिरावले. पाठ्यपुस्तकातील नव्या संज्ञेशेजारी हे जुने शब्द ठेवले, तर मराठी व उर्दू या दोन्ही माध्यमांच्या विद्यार्थ्यांना हा विषय आपला वाटेल.