फौजदारापुढची जबानी

आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो, त्याचा पुष्कळसा मुलूख १९४२ साली सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ साली त्याचा दक्षिण सातारा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले. सांगली, मिरज, औंध या संस्थानांच्या हद्दी त्या मुलखात अशा काही शिरलेल्या होत्या की एक ओढा ओलांडला तरी माणसाचे सरकार बदलावे. कृष्णा, वारणा आणि येरळा यांच्या काठच्या या गावांत १९४२ पासून १९४६ पर्यंत एक असत्य घरोघर, कुळाचार पाळावा तितक्या निष्ठेने बोलले जात होते. फौजदार दारात उभा राहून अमुक इसम इकडे आला होता काय असे विचारी, आणि आदल्याच रात्री जिने त्या इसमाच्या पुढ्यात भाकरी वाढलेली असे ती घरची बाई, असले कोणी आम्ही पाहिलेले नाही, असे शांतपणे सांगे. प्रतिसरकारचा, म्हणजे भूमिगतांनी या मुलखात चालवलेल्या समांतर सरकारचा, इतिहास आगगाड्या, खजिने आणि बंदुका यांच्या अंगाने पुष्कळ सांगितला गेला आहे; परंतु ज्या जबानीवाचून ते सरकार पंधरवडाभरही तगले नसते, तिचा नैतिक हिशेब मात्र फारसा कोणी मांडलेला नाही.

या असत्याच्या आधी सत्याचा एक अध्याय होऊन गेला होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाल्यानंतर या जिल्ह्यातले लोक कचेऱ्यांवर चालून गेले ते दिवसाउजेडी, झेंडे घेऊन आणि आपण कोठे व कशासाठी निघालो आहोत हे उघड सांगून. ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूज येथे गोळीबार होऊन परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी पडले, आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळी चालली. उघड बोलण्याला सरकारने दिलेले उत्तर हे असे होते. यानंतर माणसे रानात, उसात आणि परक्या घरांच्या माळ्यांवर गेली.

भूमिगतांच्या या जगात येडेमच्छिंद्रचे नाना पाटील होते, कुंडलचे जी. डी. लाड होते, वाळव्याचे नागनाथ नायकवडी होते आणि उत्तरेकडे कवठ्याचे किसन वीर होते. यांतील नाना पाटलांनी एके काळी तलाठ्याची नोकरी केलेली असल्यामुळे सरकारी दप्तर कसे चालते आणि रयतेच्या तोंडून माहिती कशी काढली जाते, याचे ज्ञान त्यांना पुस्तकावरून मिळवावे लागले नव्हते. त्यांच्या घरादारावर आणि जमिनीवर जप्ती आली, गावांवर सामुदायिक दंड बसले. तरीही १९४६ साली वॉरंटे मागे घेतली जाईपर्यंत ते सरकारच्या हाती लागले नाहीत. हाती लागणे म्हणजे काय, हे लोकांना चांगले ठाऊक होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या सोबत्यांसह सांगलीचा तुरुंग फोडून निसटले, तेव्हा झालेल्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव प्राणास मुकले, आणि स्वतः वसंतदादा गोळी लागून पुन्हा पकडले गेले. तेव्हा दारातल्या त्या बाईच्या एका शब्दावर एखाद्याचा जीव अवलंबून होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आता आपली शास्त्रे अशा शब्दाविषयी काय म्हणतात ते पाहावे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. चोरांनी विचारताच पळालेली माणसे कोठे लपली आहेत हे त्याने सत्यव्रतापायी खरेखुरे सांगितले, ती माणसे मारली गेली, आणि कौशिकाच्या वाट्याला नरक आला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात या कथेचा परामर्श घेतला आणि पाश्चात्त्य नीतिवेत्तेही अशा प्रसंगी असत्याला वाट देतात, हे दाखवून दिले. उलट जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ च्या आपल्या निबंधात, दारात आलेल्या मारेकऱ्याशीही मित्राच्या प्राणासाठी खोटे बोलता येत नाही, असा कठोर निर्णय दिला होता. मला या सर्वांत अधिक मार्मिक वाटते ती मनुस्मृतीतली व्यवस्था: सत्य सांगितल्याने कोणाचा वध होणार असेल तर असत्य बरे, असे ती म्हणते, आणि लगेच त्या असत्याचे प्रायश्चित्त म्हणून सरस्वतीला चरूचा होम करावयास सांगते. कृत्याला मुभा आहे, पण ऋण फिटलेले नाही, असा त्याचा अर्थ.

हे ऋण किती सूक्ष्म असू शकते, याचे एक उदाहरण याच मुलखातले आहे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी वृद्धपणी सांगितलेली हकीकत अशी की भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मार खाणाऱ्या बाईचे सोंग घेतले. घरच्या माणसाचे सोंग घेतलेला एक सोबती त्यांना झोडपू लागला. बाईचा जीव जातो की काय या भीतीने पोलीस सोडवणूक करण्यास धावून आले, आणि तेवढ्या अवधीत इतरांनी ठाण्यातली हत्यारे लांबवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत मराठी नाटकाचा पाया घातला, त्याला शंभर वर्षे होतात न होतात तोच त्याच भागात हा विलक्षण प्रयोग व्हावा, याचे कौतुक वाटतेच. पण त्या पोलिसांना फसवले ते त्यांच्या क्रौर्याने नव्हे, तर त्यांच्या अंतःकरणात उरलेल्या दयेने, ही गोष्ट विसरता येत नाही. ज्या असत्यासाठी दुसऱ्याच्या सद्गुणाचाच वापर करावा लागतो, ते कितीही आवश्यक असले तरी निर्मळ म्हणता येत नाही.

या अस्वस्थतेला सर्वांत मोठा आवाज मिळाला तो गांधीजींचा, आणि योगायोग असा की तो याच जिल्ह्यातून उठला. मे १९४४ मध्ये सुटका झाल्यावर जुलैत ते पाचगणीस राहावयास आले असता गुप्ततेचा मार्ग त्यांनी स्पष्टपणे नाकारला आणि भूमिगतांनी प्रकट व्हावे, असा सल्ला दिला. त्यामागचा त्यांचा विचार हलका नव्हता; लपविण्याची सवय लागलेली जनता शेवटी निर्भय राहत नाही, हे त्यांना दिसत होते. पाचगणीहून कुंडलपर्यंतचे अंतर फार नाही. पण साताऱ्याच्या भूमिगतांनी तो सल्ला मानला नाही.

ती उपेक्षा समर्थनीय ठरते काय, याचे उत्तर फौजदारापुढच्या जबानीत सापडत नाही. ते न्यायदान मंडळात शोधावे लागते. प्रतिसरकारने गावोगाव आपले न्यायनिवाडे सुरू केले, दारूबंदी केली, कर्जाला कारण होणाऱ्या डामडौलाच्या लग्नांऐवजी अल्प खर्चाचे गांधीविवाह लावले. बांधाचा तंटा गावापुढे आला की तेथे वकिली कावा चालत नसे, कारण तंट्यातली दोन्ही शेते ऐकणाऱ्यांच्या पायाखालची असत. फौजदारापुढे खोटे बोलणाऱ्याच माणसाला येथे खरे बोलावे लागे, आणि शास्त्राने सांगितलेले प्रायश्चित्त जर कोठे घडले असेल तर ते येथेच. मात्र याच चित्राला एक काळी बाजू आहे: जो फौजदाराला खरे सांगे तो खबऱ्या ठरे, आणि त्याच्या तळपायांना कठोर शिक्षा भोगावी लागे. सत्य हाच अपराध झाला की त्याच्या आडून जुनी वैरे साधण्याचा मोह कोणालाच झाला नसेल, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

तरीही त्या सामान्य गृहिणीच्या असत्याला दोष देण्यास माझी लेखणी धजत नाही, आणि याचे कारण तिच्या हेतूपेक्षा तिच्या जोखमीत आहे. उघडकीस आले असते तर जप्ती तिच्या घरावर, अटक तिच्या माणसांना आणि दंड तिच्या गावाला, अशी त्या शब्दाची सगळी किंमत तिने आधीच कबूल केली होती. १९४७ साली सरकार आपले झाले, तेव्हा या मुभेची मुदत संपली. सवयीची मात्र संपली नाही. पीकपाण्याच्या नोंदीत, वारसाच्या तक्त्यात आणि कचेरीतल्या पंचनाम्यात आजही खोटे बोलले जाते, आणि बोलणारा मोठ्या ऐटीत सांगतो की सरकारला फसवणे हे काही पाप नव्हे. त्याने चाळीसच्या सालांचा आधार घेऊ नये. त्या वेळी बोलणारा माणूस आपल्या असत्याचे मोल स्वतः भरावयास तयार होता. आता ते शेजाऱ्याच्या वाट्याला टाकले जाते, आणि एवढ्या एका भेदावर सदोष असत्य आणि क्षम्य असत्य यांची हद्द आखता येते.