याकोबाचा देह, योसेफाच्या अस्थी

इजिप्शियन आणि इस्राएली लोकांच्या अंत्यसंस्कारांत साम्य किती, आणि ते कुठवर जातं, हे आज आपल्याला पाहायचं आहे. कुणी कुणाकडून काय उचललं असा वाद घालायची सवय आपल्याला आहे, पण तो वाद जरा बाजूला ठेवू. संपूर्ण हिब्रू बायबलात इजिप्शियन पद्धतीने मसाले लावून देह टिकवल्याचा उल्लेख फक्त दोघांच्या बाबतीत येतो. एक याकोब, दुसरा त्याचा मुलगा योसेफ. आणि दोघेही मेले ते इजिप्तमध्ये.

उत्पत्तीचा 50वा अध्याय पाहा. याकोबाचा देह टिकवायला 40 दिवस लागले आणि इजिप्तच्या लोकांनी 70 दिवस शोक केला. हे आकडे हवेतले नाहीत. नेट्रॉन नावाच्या क्षारात देह सुकवायला साधारण 40 दिवस, आणि सगळा विधी आटोपायला 70, हा खास इजिप्तचाच हिशेब. म्हणजे लिहिणाऱ्याला तिकडची चांगली माहिती होती. मात्र एक बदल त्याने केला आहे. इजिप्तमध्ये हे काम करणारे लोक वेगळे असत, सोबत पुरोहित असत, मंत्र असत, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस असे. उत्पत्तीत हे काम वैद्य करतात. ना देव, ना मंत्र. तंत्र घेतलं, देव दाराबाहेर ठेवले! आम्हाला तरी हा बदल जाणूनबुजून केलेला वाटतो.

याकोबाने मुलाकडून शपथ घेतली होती, ती मसाल्यांबद्दल नव्हे. मला इथे पुरू नकोस, हेब्रोनजवळ मकपेलाच्या गुहेत बापजाद्यांशेजारी ठेव, एवढंच त्याचं मागणं. याला इजिप्शियन वाङ्मयात एक जोड आहे, अगदी आरशातल्यासारखी उलटी. बाराव्या राजवंशाच्या काळातली सिनुहेची कथा. हा दरबारी माणूस पळून सिरिया-कनानच्या बाजूला जातो, तिथे बायकामुलं, गुरंढोरं, मानमरातब सगळं मिळवतो. म्हातारपणी मात्र एकच घोर लागतो, की परमुलखात मरण आलं तर? राजा त्याला परत बोलावतो, रीतसर संस्कारांचं वचन देतो. तिकडे मेंढ्याच्या कातड्यात गुंडाळून पुरतील, तसं तुझं होणार नाही, असंही कळवतो. एकाला कनानातून इजिप्तला यायचंय, दुसऱ्याला इजिप्तमधून कनानला जायचंय, ओढ तीच.

पण माती मिळाल्यावर देहाचं काय करायचं, इथे वाटा फुटतात. इजिप्शियनाला देह सबंध हवा, कारण मेल्यावरचं जगणं त्यावर अवलंबून. यहूदात काय करत? खडकात खोली कोरत, कडेने ओटे ठेवत, ओट्यावर देह निजवत. मांस झडलं की हाडं उचलून त्याच थडग्यातल्या खड्ड्यात, आधीच्या हाडांत, मिसळून टाकत. जागा पुढच्यासाठी मोकळी! 'पूर्वजांना जाऊन मिळाला' हे बायबलातलं बोलणं म्हणजे नुसता अलंकार नव्हे, असं हे खड्डे पाहिल्यावर वाटतं. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोमला 1979 साली असा एक न लुटलेला खड्डा सापडला. नव्वदहून अधिक माणसांची हाडं त्यात एकत्र होती. यातलं डोकं कुणाचं नि पाय कुणाचा, याची त्यांना फिकीर नव्हती. इजिप्शियन माणसाला ऐकूनच कापरं भरलं असतं.

तरी सामान्य माणूस काठावरच उभा होता. यहूदातल्या थडग्यांत होरसच्या डोळ्याचे, बेस देवाचे ताईत निघतात. दशमांशातलं काही मृतांना दिलेलं नाही, अशी ग्वाही अनुवादाच्या 26व्या अध्यायात द्यावी लागते. कुणी देतच नसतं तर ती कशाला मागितली असती?

आता योसेफ. तो 110 वर्षांचा होऊन मेला, आणि 110 हे इजिप्शियनांच्या कल्पनेतलं आदर्श आयुष्य. देहाला मसाले लावले, पेटीत ठेवलं, सगळं तिकडच्या रीतीने. पण भावांकडून त्याने वचन घेतलं ते अस्थींबद्दल: निघाल तेव्हा माझ्या अस्थी घेऊन निघा. देह इजिप्शियन रीतीचा, मागणं इस्राएली. मोशे त्या अस्थी घेऊन निघाला आणि शेवटी त्या शखेमला पुरल्या गेल्या. त्या शवपेटीला हिब्रूत शब्द आहे 'आरोन', आणि कराराच्या कोशालाही तोच. तालमुदातल्या पंडितांच्या हे नजरेतून सुटलं नाही. ते म्हणतात, रानातून ती सगळी वर्षं दोन पेट्या शेजारीशेजारी चालल्या होत्या, एक देवाची आणि एक मेलेल्या माणसाची. आणि वाटेत भेटणारे लोक विचारत, या दोन्ही एकत्र कशा?