दाताळ्याचा दात आणि शोधाचा हक्क

कुरणांतील गवत कापून झालें म्हणजे तें वाळवावें व गोळा करावें लागतें. काम वरवर पाहतां अगदीं साधें. एक दांडा, त्याला आडवी पट्टी आणि पट्टींत बसविलेले दात, एवढ्या सामग्रीवर युरोपांतील व अमेरिकेंतील शेतकऱ्यानें तें शतकानुशतकें भागविलें. आपल्याकडील दाताळें याच जातीचें होय. पुढें हाताचें दाताळें मागें पडून घोड्यानें ओढावयाचें दाताळें आलें, आणि एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न उभा राहिला : दात चौकटीला जोडावा कसा ? या प्रश्नाच्या उत्तरासाठीं कारागिरांच्या कित्येक पिढ्यांची बुद्धि खर्चीं पडली, कारखानदारांचे खटले झाले, आणि अखेर शोध कशाला म्हणावें याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला नांगराच्या दांड्याच्या जोडणीवरून द्यावा लागला.

हाताच्या दाताळ्यांत हा प्रश्न नव्हता, याचें कारण तेथें स्प्रिंगचें काम माणसाचा हातच करीत असे. दात दगडाला अडला कीं तें हाताला तत्काळ कळे व हात आपोआप सैल पडे. घोड्याला मात्र तें कळत नाहीं. तो आपल्या चालीनें पुढें जातच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत घोड्याचीं दाताळीं प्रचारांत आलीं, तेव्हां त्यांचे दात लाकडाचे व ताठ असत. सपाट कुरणांत त्यांचें काम उत्तम चाले. पण जेथें जमिनींतून दगड डोकावत होते व झाडांचे बुंधे अद्याप उपटलेले नव्हते, तेथें दातांमागून दात मोडत. ‘मोडेन पण वाकणार नाहीं’ हा बाणा माणसाला शोभत असेल. दाताळ्याच्या दाताला तो परवडत नाहीं. म्हणून शतकाच्या मध्याच्या सुमारास पोलादी तारेचे लवचिक दात पुढें आले. दोन मोठीं चाकें, बसण्यास आसन, आणि मागें कमानीसारखे वळलेले वीस-पंचवीस दात, अशी ती गाडी होती. प्रत्येक दात आपापल्यापुरता उचलला जाई. एकाच्या वाटेंत दगड आला तरी शेजारचे दात गवत गोळा करीतच राहत.

परंतु दात लवचिक झाला म्हणजे अडचण संपली असें नव्हे. ती दाताच्या टोकाकडून त्याच्या मुळाशीं गेली. दाताचें टोक जमिनीवर अडतें आणि मूळ चौकटींत जखडलेलें असतें. टोकावर पडलेल्या ओढीचा वांकविणारा परिणाम टोकापासून जसजसें दूर जावें तसतसा वाढत जातो, आणि मुळाशीं, जेथें पोलाद बोल्टाच्या पकडींत शिरतें तेथें, तो सर्वांत अधिक होतो. त्यांतून पकडीची कड धारदार असली, किंवा त्याच जागीं बोल्टासाठीं भोंक पाडलेलें असलें, तर सगळा ताण त्या एका रेषेवर एकवटतो. बोटांनीं तार पुनःपुन्हां वांकविली कीं ती जशी तुटते, तसाच हा दातही तुटतो. फरक इतकाच कीं येथें वांकविणें अगदीं थोडें व हजारों वेळां होतें. बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाहीं, आणि एके दिवशीं लहानशा गचक्यानें दात मुळांतून निखळतो. उलट बोल्ट ढिला राहिला तर दात इकडेतिकडे हलूं लागतो, भोंक लांबट होतें, आणि मग तो कितीही आवळला तरी जागेवर राहत नाहीं.

या दुखण्यावर जे उपाय निघाले ते सारे जोडणीचेच होते. मुळाजवळ तारेला एक-दोन वेढे दिले म्हणजे वांक एका जागीं न राहतां साऱ्या वेढ्यांच्या लांबीवर वांटला जातो. पकडीची कड गोल केली म्हणजे पोलादाला चीर पडण्यास निमित्त मिळत नाहीं. एकाच तारेचे दोन दात करून मधल्या वळणांतून एक बोल्ट घेतला म्हणजे दाताला भोंक पाडावेंच लागत नाहीं. पुढील काळांत दात व पट्टी यांच्यामध्यें रबराचा ठोकळा घालण्याची पद्धतही आली. प्रत्येक उपायाची किंमत असतेच : दात फार नरम झाला तर गवत मागें सुटतें, फार ताठ झाला तर माती उकरून गवतांत मिसळते. या दोहोंमधील मर्यादा सांभाळणें हेंच जोडणीचें कौशल्य होय.

हें कौशल्य केवळ मोडलेल्या दाताच्या किमतीशीं बांधलेलें नाहीं. तुटलेला तुकडा वाळल्या गवतांत पडतो, गवताबरोबर भाऱ्यांत बांधला जातो किंवा कडबाकुट्टीच्या यंत्रांत सांपडून त्याचीं पातीं मोडतो. यंत्रांतून निसटला व त्याचे तुकडे झाले तर पुढें गाय तो गिळते. गाय गवत नीट चावून मग गिळते असें नव्हे. ती आधीं गिळते व मागाहून निवांत रवंथ करते. धातूचा जड तुकडा तिच्या दुसऱ्या, जाळीदार कोठ्यांत जाऊन बसतो. तो टोंकदार असला तर कोठ्याच्या भिंतींतून पुढें सरकून पडद्यापार थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोंचूं शकतो. गुरांच्या डॉक्टरांना हा रोग चांगला परिचित आहे, आणि त्याला प्रतिबंध म्हणून अनेक गोपालक गाईच्या पोटांत गुळगुळीत लोहचुंबक सोडून ठेवतात. दाताच्या मुळाशीं राहिलेला दोष असा गोठ्यापर्यंत येऊन पोंचतो.

गवताच्या दाताळ्याला जी अडचण, तीच मातींत चालणाऱ्या अवजाराला अनेक पटींनीं अधिक. १८६९ सालीं मिशिगन राज्यांतील डेव्हिड गार्व्हर यानें स्प्रिंगच्या दातांच्या कुळवाचें पेटंट घेतलें. पोलादाची चपटी पट्टी अर्धवर्तुळाकार वळवून तिचें एक टोक चौकटीला जोडावयाचें व दुसरें मातींत फिरवावयाचें, अशी ती रचना. दगड लागला कीं दात मागें दबतो, आणि दगड ओलांडला कीं पुन्हां पूर्वस्थितीवर येतो. अमेरिकेंत त्या काळीं पेटंटाची मुदत १७ वर्षांची असे. तेव्हां १८८६ सालीं मूळ कल्पना सर्वांना मोकळी झाली. भांडणें मात्र तेथून पुढें अधिकच पेटलीं, कारण चौकटीचे, दातांचे व त्यांच्या जोडणीचे लहानमोठे फेरफार निरनिराळ्या कारखानदारांनीं आपापल्या नांवावर करून घेतले होते. एकानें कुळव बाजारांत आणावा आणि दुसऱ्यानें त्याला न्यायालयांत खेंचावें, असा क्रम चालू झाला.

यावर कारखानदारांनीं काढलेली तोड मोठी चतुर होती. १८९० सालीं सहा कारखानदारांनीं मिळून ‘नॅशनल हॅरो कंपनी’ स्थापन केली, आपलीं पेटंटें तिच्या स्वाधीन केलीं, आणि मग तीच कुळवें बनविण्याचा परवाना तिच्याकडून परत घेतला. मागाहून इतरही कारखानदार तींत सामील झाले. प्रत्येक कुळवामागें कंपनीला एक डॉलर द्यावयाचा, ठरलेल्या किमतीपेक्षां कमी किमतीला माल विकावयाचा नाहीं, आणि अट मोडल्यास दर कुळवामागें पांच डॉलर भरपाई द्यावयाची, असा करार होता. आपसांतील खटले मिटले खरे. पण खटल्यांबरोबर स्पर्धाही मिटली, आणि तिचा भार शेतकऱ्यावर पडला. लॅन्सिंग येथील बेमेंट या कारखान्यानें अट मोडली, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. व्यापाराला अडथळा करणाऱ्या करारांना बंदी करणारा शर्मन कायदाही १८९० सालचाच होता. परंतु १९०२ सालीं न्यायमूर्ति पेकहॅम यांनीं निकाल दिला कीं पेटंटाचा हेतूच मक्तेदारी देणें हा आहे, म्हणून किंमत बांधून देणारा हा करार बेकायदेशीर ठरत नाहीं. पुढें १९१२ सालीं, न्हाणीघरांतील एनॅमलच्या भांड्यांविषयींच्या खटल्यांत, त्याच न्यायालयानें पेटंटाच्या आडोशानें साऱ्या धंद्यानें एकजूट करून बाजार बांधून घेण्यास आळा घातला. पण तोंपर्यंत एक गोष्ट उघड झाली होती : जोडणींतील फेरफार लहान असेना, त्याच्यावर मालकी सांगतां आली तर तिचा कर हजारों शेतांवर बसतो.

मग खरा प्रश्न असा, कीं कोणता फेरफार शोध म्हणावयाचा आणि कोणता केवळ चांगली कारागिरी ? हा प्रश्न अमेरिकेंत जुनाच आहे. १७९० सालीं तेथें पेटंटाचा पहिला कायदा झाला, तेव्हां अर्ज तपासण्याचें काम ज्या तिघांकडे होतें त्यांत टॉमस जेफर्सन हे एक होते. त्यांनीं स्वतः नांगराच्या माती उलटणाऱ्या फळीची कमी जोर लागणारी रचना गणितानें बसविली, परंतु तिचें पेटंट घेतलें नाहीं. समाजाला जिच्यापासून खराच लाभ आहे अशा गोष्टीसाठींच मक्तेदारीची अडचण सोसावी, अशी त्यांची दृष्टि होती. १८५१ सालीं दाराच्या मुठींचा खटला झाला. लांकडाच्या व धातूच्या मुठी तशाच प्रकारें बसविल्या जात असत. एकानें त्या भाजक्या मातीच्या केल्या व पेटंट मागितलें. त्या धंद्यांतील सामान्य कारागिराच्या अंगीं जें कसब असतें त्याहून अधिक कांहीं दिसल्याखेरीज त्याला शोध म्हणतां येत नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. १९५२ सालच्या कायद्यानें हेंच तत्त्व कलमबद्ध केलें : त्या विषयांतील सामान्य जाणकाराला जें सहज सुचलें असतें, त्याला पेटंट नाहीं.

त्या कलमाचा अर्थ ठरण्याची वेळ पुन्हां स्प्रिंगच्या जोडणीवरूनच आली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या मध्यभागांत भयंकर धुळीचीं वादळें होऊन लाखों एकर जमिनीची माती उडून गेली. त्यानंतर माती न उलटतां, धसकटें वरच राहूं देऊन, जमीन नुसती फोडणारा छिन्नीसारख्या फाळांचा नांगर लोकप्रिय झाला. हा नांगर उत्तरेकडील दगडाळ जमिनींत नेतां फाळ पुरलेल्या दगडांवर आपटूं लागले आणि दांडे चौकटीपाशीं मोडूं लागले. टेक्सासमधील विल्यम ग्रॅहॅम यानें दांड्यासाठीं स्प्रिंगची पकड तयार केली व १९५० सालीं तिचें पेटंट मिळविलें. तींत दांडा बिजागरीच्या पट्टीवर, म्हणजे ती पट्टी व तिच्या वरची पट्टी यांच्यामध्यें, बसविलेला होता. तो पक्का जखडलेला नसल्यामुळें दोहों बाजूंना हेलकावे खाई व वरची पट्टी झिजवी. आणि ती पट्टी बदलणें कठीण असे. म्हणून ग्रॅहॅमनें अदलाबदल केली : दांडा खालीं, बिजागरीची पट्टी वर, आणि दोन्ही बोल्टानें एकमेकांना घट्ट जोडलेल्या. या सुधारलेल्या पकडीला १९५३ सालीं दुसरें पेटंट मिळालें.

दुसऱ्या कारखानदारांनीं तशाच पकडी केल्या आणि ग्रॅहॅमनें खटले भरले. एका अपील न्यायालयानें १९५५ सालीं पेटंट ग्राह्य धरलें. दुसऱ्यानें १९६४ सालीं, जॉन डिअर कंपनीविरुद्धच्या खटल्यांत, तें रद्द ठरविलें. तेव्हां सर्वोच्च न्यायालयास मध्यें पडावें लागलें. २१ फेब्रुवारी १९६६ रोजीं न्यायमूर्ति टॉम क्लार्क यांनीं एकमताचा निकाल सांगितला. पूर्वी काय ज्ञात होतें, नव्यांत व जुन्यांत भेद कोणता, आणि त्या धंद्यांतील सामान्य जाणकाराचें कसब किती, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे असें त्यांनीं घालून दिलें. नव्या रचनेंत दांडा अधिक लवतो, असा ग्रॅहॅमचा न्यायालयांतील मुख्य मुद्दा होता. परंतु पेटंट कचेरीपुढें त्यानें तो मांडलाच नव्हता. शिवाय ग्लेन्को नांवाच्या आधींच वापरांत असलेल्या एका पकडींत हे सारे भाग होतेच. दांड्याला अधिक लवूं द्यावयाचें असेल तर वरखालीं अदलाबदल करावी, हें कोणाही जाणकाराला दिसलें असतें, असें ठरून पेटंट रद्द झालें.

याच दिवशीं याच न्यायालयानें ॲडॅम्स नांवाच्या संशोधकाचें पेटंट मात्र कायम ठेवलें. त्याची विजेची बॅटरी केवळ पाणी घालतांच चालूं लागे, आणि ती चालणें शक्यच नाहीं असें तज्ज्ञ प्रथम म्हणत होते. दोन्ही निकाल शेजारीं ठेवले म्हणजे रेषा स्पष्ट दिसते. जाणत्यांना जें अशक्य वाटलें तें करून दाखविणारा शोधक. जाणत्यांना जें सहज सुचलें असतें तें नीट करणारा कुशल कारागीर. दुसऱ्याचें काम हलकें नव्हे. तें एकट्याच्या मालकीचें नव्हे, एवढेंच.

भारतांतही विचार याच वळणानें गेला. १९७० सालच्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी केली व प्रत्येक साधन पूर्वीप्रमाणेंच स्वतंत्रपणें काम करीत राहिलें, तर तो शोध नव्हे. धातूचीं भांडीं लेथवर घट्ट धरण्याच्या रचनेबद्दलचें एक पेटंट १९७८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें अशाच विचारानें रद्द ठरविलें. तेथेंही वाद होता तो पकडीचाच.

ग्रॅहॅमच्या निकालानें त्याचें नुकसान झालें, हें खरें. त्यानें श्रम घेतले होते, दगडाळ शेतांतील खरी अडचण ओळखली होती, आणि त्याची दुसरी पकड पहिलीहून चांगलीही होती. परंतु त्याच निकालामुळें गांवोगांवच्या लोहाराला मोडलेला दांडा उलटा बसवून पाहण्याची मोकळीक राहिली. दाताळ्याचा दात आज जेवढा टिकतो तो कोणा एकाच्या पेटंटामुळें नव्हे. कोणी वेढा दिला, कोणी कड गोल केली, कोणी भोंक टाळलें, अशा अनेकांच्या हातांनीं तो टिकाऊ झाला आहे. पेटंटाची मुदत केव्हांतरी संपते. बोल्ट मात्र गवताच्या प्रत्येक हंगामाच्या आरंभीं पुन्हां आवळून पाहावाच लागतो.